नसीम मॅडमसाठी आलेलं उत्तर

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, धाकट्या भावाला नाही, आणि जिथे सांगायला हवी होती तिथे तर नाहीच नाही. बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणूस स्वतःशी तरी खरं बोलतो ना? मी नाही बोललो. बोलायला बसलो की स्वतःला दुसरंच काहीतरी सांगायचो — की चूक झाली, मशीनची चूक, फाँटची चूक, त्या काळात असं व्हायचंच. हे सगळं खोटं नाही. पण खरं सांगायचं टाळण्यासाठी माणूस आधी अशा छोट्या छोट्या खऱ्या गोष्टी पुढे करतो, हे मला आता कळतं. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण, मला माहीत नाही; म्हणूनच जमेल बहुतेक.

अमरावतीत माझं टायपिंगचं दुकान होतं. आधी नुसतं टायपिंग इन्स्टिट्यूट — ओळीनं मांडलेल्या मशिनी, आणि सकाळपासून खटखट करणारी नोकरीच्या आशेवरची पोरं-पोरी. मग मशिनींना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा दोन कॉम्प्युटर आणले. लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, कोर्टाचे अर्ज, सगळं करायचो. मग इंटरनेट घेतलं. आमच्या भागात सगळ्यात आधी माझ्याकडे आलं, आणि ते मी लोकांना विसरू देत नव्हतो.

ते दिवस कोणते, ते वऱ्हाडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मुंबई-दिल्लीचे पत्रकार गाड्या भरभरून यायचे. दिवसभर खेड्यांत फिरायचे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांचे फोटो काढायचे, आणि संध्याकाळी माझ्या दुकानात बसून बातमी धाडायचे. मी त्यांना चहा पाजायचो, गावांची नावं कशी लिहायची ते सांगायचो. एकजण जाताना म्हणाला होता की तुमच्या दुकानातून सगळ्या देशाला वऱ्हाड कळतंय. झालं. मी हवेतच. वास्तविक माझा शेतीशी संबंध किती? शेत भाऊ कसायचा. मी दिवाळीत जाऊन हुरडा कधी होईल ते विचारून यायचो.

आणि मीही लिहीत होतो. हे सांगायला अजून लाज वाटते. टेबलाच्या खालच्या खणात माझी कादंबरी होती — शेतकऱ्याच्या मरणावरची. पत्रकारांचं ऐकून ऐकून लिहिलेली. तेव्हा मला ती फार थोर वाटायची.

नसीम मॅडम अकोटला जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. माहेर अमरावतीचं. आई आजारी होती, म्हणून एक शनिवार सोडून एक त्या एस.टी.नं यायच्या, आईकडे जाण्याआधी तासभर माझ्या दुकानात. अकोटला जवळचं मोठं गाव अकोला, तिथे टायपिंगवाले कमी होते का? पण अकोल्यात प्रत्येक दुकानात कोणी ना कोणी मास्तर ओळखीचा निघायचा, आणि आपण कादंबरी लिहितो हे त्यांना शाळेत कळू द्यायचं नव्हतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा कापडी पिशवीतून शाळेच्या वह्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि वर हात ठेवून बसल्या. जणू मी उघडून हसेन.

कादंबरीचं नाव ‘दुसरा भोंगा’. अकोटच्या एका जिनिंगमध्ये कापसातला कचरा आणि कवडी, म्हणजे डागी, कडक झालेला कापूस, वेचणाऱ्या बायांची गोष्ट. कमरू आणि शेवंता, दोघी मैत्रिणी. एक डबा आणते, दुसरी खाते, दुसऱ्या दिवशी उलट. कापूस यायचा कमी होतो, जिनिंगचा दुसरा, म्हणजे दुसऱ्या पाळीचा, भोंगा बंद होतो, मग पहिलाही. एवढंच. कोणी मरत नाही. कोणाचा फोटो छापून येत नाही. पण त्या दोघी बोलायच्या! सगळी कादंबरी वऱ्हाडीत होती, निवेदनसुद्धा. मी विचारलं होतं, उर्दूत का नाही लिहीत? तर म्हणाल्या, “घरी उर्दू, शाळेत पुस्तकातली मराठी. पन भाऊ, सपनं मले वऱ्हाडीतच पडते, त्याले मी काय करू?”

मी ती टाइप करत होतो. तुम्हाला ठाऊक नसेल, टायपिस्ट वाचत नाही — डोळ्यांतून बोटांत जातं, मध्ये कुठे थांबत नाही. पण ती कादंबरी थांबायची. कमरू काहीतरी बोलायची आणि माझी बोटं थबकायची. एकदा हसू आलं, एकदा डोळे भरून आले. आणि प्रत्येक वेळी मला खालचा खण आठवायचा. माझ्या कादंबरीतला एकही माणूस असा बोलत नव्हता. ते मला तेव्हाच कळलं होतं. हे लक्षात ठेवा.

मग एका रविवारच्या पुरवणीत ती छोटीशी सूचना आली. मुंबईच्या एक बाई मराठी हस्तलिखितं वाचून योग्य प्रकाशकाकडे पोचवणार होत्या, जमलं तर दुसऱ्या भाषांतही. लिटररी एजंट म्हणे. एजंट म्हटलं की आमच्याकडे दोनच — एक विम्याचा, दुसरा गाडीचं लायसन काढून देणारा. पुस्तकाचाही एजंट असतो हे ऐकून मॅडम तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. सूचनेत लिहिलं होतं: एक पत्र, थोडक्यात कथानक, पहिली तीन प्रकरणं. ई-मेलनं किंवा टपालानं पाठवावं. दोहोंपैकी एकाच मार्गानं. दोनदा पाठवू नये.

पुढच्या खेपेला मॅडम पार्सल शिवूनच आल्या. पांढऱ्या मांजरपाटाची पिशवी, तीन बाजूंनी बारीक टाके, चौथी बाजू उघडी — आत कागद घालून तिथेच शिवायची. वर मार्किंगच्या शाईनं मुंबईचा पत्ता, फळ्यावर लिहितात तशा गोल अक्षरात. सुई-दोरा पर्समध्ये. मला हसू आवरेना. “मॅडम, पापड-कुरड्या पाठवता काय मुंबईले?”

“हसा. पन कागज हाती आला म्हनजे मानूस वाचते. तुमचं ते पडद्यावरचं — लाइट गेली की गेलं.”

मी ऐकतो होय! इंटरनेटवाला माणूस मी. जग कुठे गेलं आणि तुम्ही अजून लाखेच्या शिक्क्यावर, असं बरंच काही बोललो. टपाल म्हणजे खेडवळपणा, पार्सल पाहूनच त्या बाई ठरवतील की ही कोणी गावठी मास्तरीण आहे. हो, असंच म्हणालो. मॅडमचं एकच म्हणणं होतं — रजिस्टर करू, पोचपावती येते, कोणाच्या हातात पडलं ते कळतं. शेवटी त्यांनी पिशवी टेबलावर ठेवून दिली. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचं ऐकायची त्यांना सवय असावी.

ई-मेल केली. मॅडमचा स्वतःचा ई-मेल पत्ता नव्हता, म्हणून माझ्या दुकानाच्या पत्त्यावरून. वरती दोन-तीन ओळी इंग्रजीत लिहाव्या म्हटलं. मॅडम सांगत गेल्या, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत घालत गेलो — अकोटच्या शाळेतल्या शिक्षिका आहेत, जिनिंगमधल्या दोन बायांची गोष्ट आहे, दुसरा भोंगा बंद झाल्यावर या बाया कुठे जातात ते कोणी विचारत नाही. मग पत्र आणि तीन प्रकरणांची फाइल जोडली आणि कळ दाबली. म्हटलं, “गेलं. पोचलंबी.”

“बस? एवढंच?” मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या. “हाताले तं काही लागलंच नाही.”

आता फाँटचं सांगतो. तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. मराठी टाइप करायचे फाँट ज्याचे त्याचे वेगळे. माझ्या फाँटमधली फाइल तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, की मराठीच्या जागी नुसता कचरा दिसायचा — टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं. हे मला माहीत नव्हतं का? प्रेसला सीडी पाठवताना मी फाँट आठवणीनं सोबत द्यायचो. पत्रकारांचं बहुतेक इंग्रजीत असायचं, म्हणून ई-मेलवर कधी अडलं नव्हतं. त्या दिवशी मी विसरलो. खरंच विसरलो — मला वाटतं, विसरलोच. मॅडमसमोर ती कळ दाबायची एवढी घाई होती की बाकी काही सुचलं नाही.

इथपर्यंत असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. दुपार होती, दुकानात कोणी नव्हतं. मुंबईच्या बाईंनी लिहिलं होतं की फाइल उघडली पण एक अक्षरही वाचता येत नाही. असं बऱ्याच मराठी लेखकांचं होतं, त्यात तुमचा दोष नाही. पुढे होतं — मला ते पाठ आहे — ‘पण वरच्या तीन ओळी वाचल्या आणि तेव्हापासून त्या दोन बायांचाच विचार करते आहे. कृपया सगळी कादंबरी टपालाने पाठवा. हाताने लिहिलेली असली तरी चालेल. मी वाट पाहते.’

मी ते दोनदा वाचलं. मॅडमचा मोबाइल नंबर समोर वहीत होता. एक फोन. काय लागत होतं? पार्सलची पिशवी माझ्याच दुकानात पडलेली होती, मॅडम त्या दिवशी विसरून गेल्या होत्या. छापील कागद माझ्याकडे तयार. बांधून मीच पाठवलं असतं तरी झालं असतं.

पण मग सांगावं लागलं असतं ना — की मॅडम, तुमचं बरोबर होतं. टपालच बरोबर होतं. मी, इंटरनेटवाला, तुमच्या टाक्यांना हसलो, आणि माझ्या हातून कचरा गेला. एवढंसं वाक्य. म्हटलं, उद्या करू फोन. उद्या म्हटलं, शनिवारी त्या येतीलच, तेव्हा समोरासमोर सांगू.

शनिवारी मॅडम आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, “आलं काही?”

आणि मी म्हणालो, नाही.

हे असं होतं बघा. ठरवून काही नव्हतं. तोंडातून गेलं. आणि एकदा गेल्यावर पुढच्या शनिवारी खरं सांगणं जास्त अवघड, त्याच्या पुढच्या शनिवारी त्याहून. मॅडम मग विचारेनाशा झाल्या. नुसतं आत येताना पडद्याकडे एकदा पाहायच्या. चार-पाच खेपांनंतर एक दिवस स्वतःच बोलल्या — का बरं उत्तर नसेल? काय कमी असेल? इथे मी गप्प बसू शकलो असतो. एवढा तरी भलेपणा मला जमायला हवा होता. पण गप्प बसलं की माणूस विचार करतो, आणि विचार केला की विचारतो, जरा पुन्हा पाठवून बघू का? मला ते नको होतं. म्हणून मी कारण दिलं. “भाषा असंल मॅडम. पुन्या-मुंबईच्या लोकायले आपलं बोलनं अडानी वाटते. तीन पानं वाचून ठेवून देलं असंल.”

मॅडमनी समोरची वही मिटली. मग हळूच म्हणाल्या, “हो. मीबी शाळेत पोट्ट्यायले तेच सांगतो ना — घरच्यासारखं पेपरात लिवू नका म्हनून.”

ज्या बाई तिकडे त्या कादंबरीची वाट पाहत बसल्या होत्या, त्यांच्याच तोंडी मी हे घातलं. आणि मॅडमना ते लगेच पटलं, कारण जन्मभर ते ऐकतच आल्या होत्या. मला फार काही करावंच लागलं नाही.

अजून आहे. थांबा.

त्याच महिन्यात मी माझी कादंबरी पाठवली. त्याच बाईंना. टपालानं. वाट पाहत बसलेली व्यक्ती तिकडे आहे, हस्तलिखितं खरंच वाचते, टपालानं पाठवलेलंच चालतं — हे सगळं मला कशामुळे कळलं होतं? मॅडमला आलेल्या उत्तरामुळे. आणि पार्सल कशात केलं? त्या पांढऱ्या पिशवीत. तिन्ही बाजू शिवलेल्याच होत्या. पत्ता मॅडमच्या अक्षरात लिहिलेला होता. मी फक्त आपली कादंबरी आत घातली, चौथी बाजू शिवली — माझे टाके वेडेवाकडे आले, ते मला अजून दिसतात — आणि पाठवणाऱ्याच्या जागी दुकानाचा शिक्का मारला. रजिस्टर केलं. पोचपावतीसकट. आठवड्यात ती पावती सही होऊन परत आली, आणि मी ती गल्ल्यात जपून ठेवली. तेव्हा माझ्या मनात काय होतं म्हणाल तर — आनंद होता. दुसरं काही आठवत नाही.

तिकडे मॅडमनी कादंबरी पुन्हा लिहायला घेतली. पुस्तकातल्या मराठीत. लाल पेन घेऊन यायच्या, शाळेचे पेपर तपासतात तसं एकेक पान तपासायच्या, आणि मी कॉम्प्युटरवर दुरुस्त्या करायचो. कमरू आधी म्हणायची, “काहून वं, आज डब्बा नाई आनला? सासूनं खाल्ला का?” आता म्हणू लागली, “का गं, आज डबा आणला नाहीस? सासूबाईंनी खाल्ला की काय?” अशी शंभरावर पानं. माझ्याच बोटांनी. मधूनच मॅडम विचारायच्या, “आता बरं वाटते का, भाऊ?” आणि मी म्हणायचो, “हो मॅडम, आता शुद्ध वाटते.” कादंबरी मरत होती हे मला समजत नव्हतं असं समजू नका. टाइप करताना बोटं आता कुठेच थांबत नव्हती.

माझं हस्तलिखित पावसाळ्याच्या सुमारास परत आलं. सोबत मुंबईच्या बाईंचं पत्र, हातानं लिहिलेलं, सभ्य. माझ्या कादंबरीबद्दल चार ओळी होत्या — विषय महत्त्वाचा आहे, परंतु यातली माणसं बातम्यांतून आलेली वाटतात. बरोबरच होतं. राग आला, पण बरोबरच होतं. त्याखाली लिहिलं होतं: ‘अमरावतीचा शिक्का पाहून मला क्षणभर वाटलं, अकोटच्या त्या शिक्षिकेची कादंबरी आली. त्यांची मेल तुमच्याच केंद्रातून आली होती ना? त्यांनी अजून काही पाठवलं नाही. मी अजूनही वाट पाहते आहे, एवढा निरोप त्यांना द्याल का?’

बघा. देवानं म्हणा, टपाल खात्यानं म्हणा, मला दुसऱ्यांदा संधी दिली. वर्षही झालं नव्हतं. जुनी वऱ्हाडी फाइल कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी होती. मॅडम त्या वेळी कुठे होत्या सांगू? दुकानातच. तोच शनिवार होता. माझ्या पाठीमागच्या बाकावर बसून, चष्मा नाकावर घेऊन, लाल पेनानं कमरूचं बोलणं खोडत होत्या. मी ते पत्र हातात धरून उभा होतो. मॅडमनी मान वर न करता विचारलं, “कोनाचं, भाऊ?” मी म्हणालो, “विम्याचं.”

त्याच दिवशी, मॅडम आईकडे गेल्यावर, मी मुंबईला उत्तर लिहिलं. आणि आता ऐका, कारण मी इतका वेळ ज्याच्याभोवती फिरतोय ते हेच आहे. ई-मेल केली असती तर पाच मिनिटांत गेली असती. पण ई-मेलला उलट उत्तर येतं. बाईंनी विचारलं असतं, का, कधीपासून, त्यांचा पत्ता द्या, मी बोलते. म्हणून मी साधं पोस्टकार्ड घेतलं — जे मी खेडवळ म्हणून हसण्यावारी नेत होतो तेच. परतीचा पत्ता लिहिला नाही. त्यावर मी लिहिलं: ‘आपला निरोप श्रीमती नसीम यांना दिला. त्यांनी लेखन कायमचे थांबविले आहे. आपण वाट पाहू नये, असे त्यांनी कळविण्यास सांगितले आहे.’ अक्षर सुंदर काढलं. पेटीत टाकलं. ते नक्की पोचलं असणार, कारण पुन्हा कधी तिकडून काही आलं नाही.

का केलं? भीती म्हणावं तर पकडलं जायची भीती होती, ती खरी. पण भीतीनं माणूस गप्प बसतो, असलं कार्ड लिहीत नाही. मला परत पाठवलं होतं आणि मॅडमची अजून वाट पाहिली जात होती — ते मला सोसलं नाही. एवढंच आहे. याला दुसरं नाव मी शोधलं, मिळालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम शेवटच्या आल्या. कादंबरी अर्धी शुद्ध झाली होती. वह्या पिशवीतून काढल्याच नाहीत. म्हणाल्या, “राहू द्या आता, भाऊ. कमरू बोलूनच नाही राह्यली. तोंड हालते तिचं, आवाज येत नाही.” मी म्हणालो, थोडा आराम करा, पुन्हा सुचेल. मॅडम हसल्या. नंतर आई गेली आणि त्यांचं अमरावतीला येणं संपलं. कार्ड मी टाकलं तेव्हा त्यावरचं वाक्य खोटं होतं. आता ते खरं झालं. जुना कॉम्प्युटर पुढे बिघडला, मी तो भंगारात दिला. आतलं काढून ठेवलं नाही. का नाही, ते विचारू नका — तेही मुद्दामच होतं असं मला वाटतं.

नंतर मॅडमनी काही लिहिलं नाही. ईदला फोन यायचा, अजून येतो. दरवेळी मी ठरवतो की आज सांगू. दरवेळी तब्येतीचं बोलून ठेवून देतो. अकोट काही लंडनला नाही, तीन तासांवर आहे, दिवसभर गाड्या आहेत.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं निरोप समारंभ ठेवला होता. मला आवर्जून बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. हार झाले, शाल झाली, मुलींनी गाणी म्हटली. मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. सगळं भाषण पुस्तकातल्या मराठीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शेवटी म्हणाल्या की फार कमी जणांना ठाऊक आहे, मी एकदा एक कादंबरी लिहिली होती. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, “या भाऊंनी ती मुंबईपर्यंत पोचवली. त्यांच्याकडून काही कमी पडलं नाही. माझी भाषाच कमी पडली.”

टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापकांनी मला खूण केली, तसा मी उभा राहिलो, वळून सगळ्यांना हात जोडले, आणि खाली बसलो.